कावीळ : ‘आम्हाला गुण आला’ म्हणजे पुरावा झाला का?

वस्तीत कुणाचे डोळे पिवळे दिसले, की दवाखान्याआधी माळेचे नाव निघते. “माझ्या पोराला तिथंच गुण आला. आम्ही अनुभव घेतलाय, आम्हाला पुरावा कशाला पाहिजे?” असे सांगणारी शेजारीण खोटे बोलत नसते. तिचा मुलगा खरोखर आजारी होता, तिने त्याला पदरमोड करून नेले आणि तो बराही झाला. प्रश्न एवढाच, की तो माळेमुळे बरा झाला का?

आधी माळ कशी वाढते ते पाहू. ओल्या, हिरव्या काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या फासात गुंफून ती करतात आणि रोग्याच्या डोक्यावर ठेवतात. दिवसागणिक ती लांबत खाली उतरते. ‘माळ वाढली, कावीळ उतरली’ असे मग म्हणतात. खरे कारण साधे आहे. काड्या वाळून बारीक होतात, फास सैल पडतात आणि दोरा लांबतो. तीच माळ खुंटीला टांगली तरी वाढते, आणि खुंटीला कावीळ झालेली नसते. हात धुऊन पिवळे पाणी काढण्याचेही तसेच. आंब्याच्या सालीचा रस आणि चुन्याची निवळी एकत्र आली की पाणी पिवळे होते. धडधाकट माणसाने हात धुतले तरी होते. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते ही प्रात्यक्षिके गावोगाव करून दाखवत आले आहेत. त्या चळवळीचे एक अग्रणी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी याच पुण्यात खून झाला.

मग मुलगा बरा कसा झाला? कावीळ हा स्वतंत्र रोग नाही, ते यकृताच्या बिघाडाचे लक्षण आहे. रक्तातले बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य यकृताला बाहेर टाकता आले नाही, की डोळे आणि लघवी पिवळी होते. आपल्याकडे बहुतेक वेळा याचे कारण दूषित पाण्यातून आलेला ‘हिपॅटायटिस ए’ किंवा ‘ई’ विषाणू असतो. शरीर स्वतःच या विषाणूंना हरवते आणि बहुसंख्य रोगी काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. आपण माळेकडे जातो ते डोळे चांगले पिवळे झाल्यावर, म्हणजे आजार उताराला लागायच्या सुमारास. कोंबडा आरवल्यावर सूर्य उगवतो, म्हणून सूर्य कोंबड्याने आणला असे होत नाही.

समजा, वस्तीत शंभर जणांना अशी कावीळ झाली. पन्नास जणांनी माळ घातली, पन्नास जणांनी नुसती विश्रांती घेतली. दोन्हीकडचे बहुतेक जण बरे होतील. माळ घातलेले सगळीकडे सांगत फिरतील, विश्रांती घेतलेले काहीच सांगणार नाहीत. आणि जो दगावला, तो अनुभव सांगायला येत नाही. त्याच्याबद्दल ‘पथ्य मोडलं असेल’ एवढेच बोलले जाते. म्हणून एकट्याच्या अनुभवाने निकाल लागत नाही. किती जणांनी उपाय केला, किती बरे झाले, किती झाले नाहीत, आणि उपाय न करता किती बरे झाले, हे चारही आकडे लागतात. पुरावा म्हणतात तो याला.

डॉक्टरांचा अनुभवसुद्धा याला अपवाद नाही. १९५५-५६ साली दिल्लीत पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि हजारो लोकांना कावीळ झाली. ती हिपॅटायटिस ए ची साथ आहे, असे जाणकारही अनेक वर्षे मानत होते. साठवलेले रक्ताचे नमुने सुमारे पंचवीस वर्षांनी तपासले, तेव्हा तो विषाणू वेगळाच निघाला. या संशोधनात आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञही होते. त्या विषाणूला पुढे हिपॅटायटिस ई हे नाव मिळाले.

आपल्या घरांसाठी हा विषाणू फार महत्त्वाचा आहे. इतरांना तो सहसा सोडून देतो, पण गरोदर बाईला सोडेलच असे नाही. शेवटच्या तीन महिन्यांत तो झाला, तर पाचांत एक बाई दगावण्याइतका धोका असू शकतो. ‘जावेला माळेने गुण आला होता’ म्हणून गरोदर सुनेला आठ दिवस घरी ठेवणे म्हणजे तिच्या आणि बाळाच्या जिवाशी खेळणे आहे.

काही जण म्हणतात, “तथागतांनीच कालामांना स्वतःच्या अनुभवावर विश्वास ठेवायला सांगितलं.” तो उपदेश नीट वाचावा. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, गुरू सांगतो, एवढ्यावरून काही मानू नका, असे त्यात आहे. शेजारणीची गोष्टही ऐकीवच. शिवाय त्यातून हित होते की अहित आणि सुज्ञ लोक त्याला काय म्हणतात, हेही पाहायला सांगितले आहे. ‘मला वाटते म्हणून खरे’ असे तिथे कुठेच नाही.

अनुभव टाकाऊ नाही, तिथून सुरुवात होते. रायगड जिल्ह्यातल्या महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशाचे रोगी पाहत होते. लाल विंचवाच्या दंशाने माणसे हृदय आणि फुप्फुसांवर परिणाम होऊन मरतात, हे त्यांनी रोग्यांजवळ बसून टिपले. प्राझोसिन हे औषध वापरून पाहिले, प्रत्येक रोग्याची नोंद ठेवली आणि ती जगापुढे तपासायला मांडली. त्या औषधाने मृत्यू पुष्कळ घटले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नोंद आणि तपासणी झाली, म्हणून एका डॉक्टरचा अनुभव सगळ्यांच्या कामी आला.

घरात कावीळ दिसली तर एवढे करा :

• महापालिकेच्या दवाखान्यात, कमला नेहरू रुग्णालयात किंवा ससूनला जाऊन रक्त तपासून घ्या. पित्ताशयातले खडे, दारू, हिपॅटायटिस बी, लेप्टो यांमुळेही कावीळ होते. त्या प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

• टीबीच्या गोळ्या चालू असतील तर त्याच दिवशी केंद्रात सांगा. त्या गोळ्यांनीही यकृत बिघडू शकते.

• रोगी गुंगीत जात असेल, असंबद्ध बोलत असेल, उलट्या थांबत नसतील, कुठूनही रक्त येत असेल, पोट फुगत असेल, तर रात्र असली तरी थांबू नका. गरोदर बाईला पहिल्याच दिवशी न्या.

• डागणी देऊ नका, नाकात झाडपाल्याचा रस घालू नका, मनाने गोळ्या देऊ नका. दारू पूर्ण बंद. उपाशी ठेवू नका, पचेल ते घरचे जेवण द्या.

• हातगाडीवरचा उसाचा रस ‘काविळीला चांगला’ म्हणून पाजू नका. त्यातला बर्फ कोणत्या पाण्याचा, हे आपल्याला माहीत नसते.

• घरातल्या सगळ्यांनी पाणी उकळून प्यावे आणि शौचानंतर व जेवणाआधी साबणाने हात धुवावेत. गल्लीत दोन-तीन घरांत कावीळ दिसली तर नळाचे पाणी तपासायला महापालिकेला कळवा.

आणि पुढच्या वेळी कुणी ‘आम्हाला गुण आला’ म्हणाले, तर भांडू नका. एवढेच विचारा, “मावशी, ज्यांना आला नाही, ते किती होते?”