बिऱ्हाड कोठें करावें?

मुलें लहान असतां कुटुंबानें शहरांत राहावें कीं उपनगरांत, हा प्रश्न मुंबईकर गृहस्थाच्या घरांत एकदां तरी निघतोच. गिरगांवांतील किंवा लालबागमधील दहा-बारा फुटांची खोली सोडावी आणि त्या पैशांत बोरिवलीस वा डोंबिवलीस दोन-तीन खोल्यांची जागा घ्यावी, असें एक पक्ष म्हणतो. गाडीच्या गर्दींत आयुष्य घालविण्यापेक्षां घरांतील अडचण पुरवली, असें दुसऱ्याचें म्हणणें. दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे. म्हणूनच हा निर्णय कोणत्या मापानें करावयाचा, तें प्रथम ठरविलें पाहिजे.

मुंबईचीं उपनगरें आगगाडीनें वाढविलीं. 16 एप्रिल 1853 रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली. तें अंतर सुमारें 34 किलोमीटर. परंतु केवळ रूळ पडल्यानें मध्यमवर्ग शहर सोडून गेला नाहीं. 1896 सालीं प्लेग आला. कोंदट, अंधाऱ्या खोल्यांत माणसें किती दाटीनें राहतात, हें तेव्हां साऱ्यांच्या डोळ्यांपुढें आलें, आणि 1898 सालीं इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दादर-माटुंग्याकडील रुंद रस्त्यांच्या वसाहतींची आखणी याच ट्रस्टनें केली. पुढें 3 फेब्रुवारी 1925 रोजीं बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली; 1928 सालीं पश्चिमेकडे बोरिवलीपर्यंत वीज पोंचली. दूर राहून रोज कचेरींत ये-जा करणें साधारण स्थितीच्या कुटुंबासही शक्य झालें, तें अशा पायऱ्यापायऱ्यांनीं.

तेव्हांपासून लोकांचा ओघ उत्तरेकडेच आहे. 2001 च्या शिरगणतींत मुंबई शहर जिल्ह्याची वस्ती सुमारें 33 लाख 38 हजार होती. 2011 मध्यें ती 30 लाख 85 हजारांवर उतरली. त्याच दहा वर्षांत उपनगर जिल्ह्याची वस्ती 86 लाख 40 हजारांवरून 93 लाख 57 हजारांच्या घरांत गेली. ठाणें, डोंबिवली, वसई, विरार हीं गांवें या हिशेबांत धरलेलींच नाहींत.

हा ओघ असा कां, हें चाळींतील खोली पाहिली म्हणजे कळतें. एकाच खोलींत स्वयंपाक, पाहुणा, आजारी माणूस आणि मुलांचा अभ्यास. शौचकूप मजल्याच्या टोकाला, तेंही सामाईक. मॅट्रिकच्या वर्गांतील मुलानें पुस्तक उघडावें तर जिन्यांत किंवा गॅलरींत. 1947 च्या कायद्यानें भाडीं गोठलीं, त्यामुळें भाडेकरूस आधार मिळाला. पण तेवढ्या भाड्यांत दुरुस्ती परवडत नाहीं म्हणून मालकानें हात आखडला, आणि पुष्कळ इमारती जीर्ण झाल्या.

पण त्याच गॅलरीनें मुलें वाढविलीं, हेंही विसरतां येत नाहीं. आई कामावर गेली तरी शेजारच्या काकूंचें लक्ष असे. शाळा पायीं जाण्याच्या अंतरावर. 1893 पासून सार्वजनिक गणेशोत्सव करणारी केशवजी नाईकांची चाळ गिरगांवांतलीच, आणि 1935 सालीं स्थापन झालेला मुंबई मराठी साहित्य संघही तेथलाच. व्याख्यान, नाटक, वाचनालय यांसाठीं तिकीट काढून गाडींत बसावें लागत नसे. आणि मुख्य म्हणजे, वडील दिवेलागणीला घरीं येत.

उपनगरांत उजेड मिळतो, स्वतंत्र मोरी मिळते, अभ्यासास कोपरा मिळतो. आणखी एक लाभ आहे, तो सहसा कोणी मोजीत नाहीं. जास्त खोली असली म्हणजे आजी-आजोबांना जवळ ठेवतां येतें. आजकाल पुष्कळ घरांत आईवडील दोघेही नोकरी करतात. चाळींत जें काम शेजार करी, तें तेथें आजी करूं शकते.

आतां किंमत पाहावी. डोंबिवली बोरीबंदरापासून सुमारें 48 किलोमीटर आहे. जलद गाडीसही तासाहून अधिक लागतो. घरापासून स्थानक आणि स्थानकापासून कचेरी धरली, तर एका वेळेस दीड तास सहज जातो. म्हणजे दिवसाचे तीन तास. कामाचे दिवस वर्षाला 300 धरले, तर 900 तास होतात. म्हणजे साडेसदतीस अहोरात्र. हा वेळ कोठून येतो? कचेरी आपला वेळ सोडीत नाहीं. झोप थोडी कमी होते, आणि उरलेला सारा वेळ मुलांच्या वांट्यांतून जातो. सात वर्षांचें मूल साडेआठ-नऊला निजतें. वडील त्यानंतर घरीं आले, तर बापलेकांची भेट रविवारचीच. नवीन घरांतील मोकळी खोली ही उणीव भरून काढूं शकत नाहीं.

म्हणून खोल्यांची संख्या किंवा हप्त्याची रक्कम हें खरें माप नव्हे. मूल जागें असतां त्याच्याजवळ कोण असतें, आणि तें एकटें पायीं कोठें कोठें जाऊं शकतें, हीं दोन मापें लावावींत. शाळा, मैदान व वाचनालय पायीं गांठतां येत असेल आणि आईवडिलांपैकीं एकाची नोकरी जवळ असेल, तर उपनगर निःशंक चांगलें. पार्ल्याचें उदाहरण या दृष्टीनें बोलकें आहे. टिळक विद्यालय तेथें 1921 सालींच, म्हणजे विजेची गाडी येण्यापूर्वीं, सुरू झालें. पार्ल्याची कीर्ति झाली ती बंगल्यांमुळें नव्हे, शाळेमुळें आणि तिच्याभोंवतीं जमलेल्या संस्थांमुळें. जेथें नुसत्या इमारती उठतात आणि शाळेसाठीं मुलास बसमध्यें तासभर कोंबावें लागतें, तेथें चाळीचा शेजारही गेला आणि उपनगराचें सुखही मिळालें नाहीं, अशी स्थिति होते.

एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावयाची. शहरांतील जुन्या भाड्याची खोली एकदां सुटली, कीं त्या भाड्यांत ती परत मिळत नाहीं. यासाठीं घाई करूं नये. रविवारीं दुपारीं जागा पाहून सौदा करण्याऐवजीं, मिळवत्या माणसानें त्या स्थानकावरून आठवडाभर कामाच्या वेळीं ये-जा करून पाहावी, आणि घरीं पोंचतां किती वाजतात तें रोज टिपून ठेवावें. शाळेची वाट मुलाबरोबर एकदां चालून पाहावी. सहा दिवसांची ती टिपणी समोर ठेवली, म्हणजे शहर कीं उपनगर याचें उत्तर त्या त्या कुटुंबाला आपल्यापुरतें मिळेल.