स्पर्शाचा चमत्कार

बुधवारी माहीमच्या सेंट मायकेल चर्चवरून जाण्याचा प्रसंग ज्यांस आला असेल, त्यांनी तेथील गर्दी पाहिली असेलच. १९४८ पासून तेथे दर बुधवारी नोव्हेनाची प्रार्थना चालते. ती इंग्रजीप्रमाणे मराठीतही होते, आणि येणाऱ्यांत दादर-गिरगावाकडील हिंदू स्त्री-पुरुषही पुष्कळ असतात. बाहेर मेणाचे हात, पाय, तान्ही बाळे विकावयास मांडलेली असतात. ज्याचा पाय दुखतो त्याने मेणाचा पाय वाहावयाचा, अशी रीत आहे. नवस ही वस्तू आमच्या घरांस नवी नाही. म्हणून या मेणाच्या पायास हसण्याचा अधिकार आम्हांपैकी फारच थोड्यांस पोहोचतो. परंतु ज्या कथांवर ही श्रद्धा उभी आहे, त्या कथा रोग बरे होण्याविषयी नेमके काय सांगतात, हे पाहणे सर्वांनाच उपयोगाचे आहे.

या कथा मराठी वाचकांस परक्या नाहीत. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आरंभिलेले आणि त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी पुढे नेलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य त्याची साक्ष आहे. चार शुभवर्तमानांपैकी शेवटच्यात, म्हणजे योहानाच्या ग्रंथात, या कृत्यांसाठी मूळ ग्रीक भाषेत जो शब्द पुनःपुन्हा येतो, त्याचा अर्थ 'खूण' असा आहे. खूण पाहून कोणी तेथेच बसत नाही. ती दाखवील त्या वाटेने चालावयाचे असते. दुसरी गोष्ट अशी की, 'बरे होणे' आणि 'तरून जाणे' या दोन्ही अर्थी या ग्रंथांत अनेक ठिकाणी एकच ग्रीक क्रियापद योजिलेले आहे. तेव्हा शरीराची व्याधी हा या कथांचा आरंभ आहे, शेवट नव्हे.

मार्काच्या पहिल्याच अध्यायातील महारोग्याची कथा घ्या. त्या काळी या एका नावाखाली अनेक त्वचारोग मोडत. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे अशा रोग्याने वस्तीबाहेर राहावे, फाटकी वस्त्रे ल्यावीत आणि आपण अशुद्ध आहोत असे ओरडून लोकांस सावध करावे, अशी आज्ञा होती. असा एक मनुष्य येशूपुढे गुडघे टेकतो. आपली इच्छा असेल तर आपण मला शुद्ध करू शकाल, इतकेच तो म्हणतो. येशू केवळ शब्दाने त्यास बरे करू शकला असता. इतरत्र त्याने तसे केलेही आहे. येथे मात्र तो हात पुढे करून त्यास स्पर्श करतो, आणि मग त्याची शुद्धी होते. हा अनुक्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. रोग जाण्यापूर्वी बहिष्कार गेला. कथेचा शेवटही तितकाच मार्मिक आहे. बरा झालेला मनुष्य गावोगाव ही वार्ता सांगत सुटतो, आणि गर्दीमुळे येशूसच नगरात उघडपणे शिरता येईना, म्हणून तो बाहेर अरण्यात राहतो. बाहेरचा आत आला आणि आतला बाहेर गेला!

ही कथा कोठल्या दूरच्या देशातील म्हणून सोडून देता येत नाही. दादरहून फार लांब नसलेल्या वडाळ्यास कुष्ठरोग्यांचे अ‍ॅक्वर्थ रुग्णालय आहे. निराश्रित महारोग्यांसाठी १८९० मध्ये ते स्थापन झाले. ज्यांच्या नावाने ते ओळखले जाते ते हॅरी अ‍ॅक्वर्थ मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह मराठी पोवाडे संग्रहित करणारे अ‍ॅक्वर्थसाहेब ते हेच. शहरातून रोगी उचलून एकीकडे ठेवावेत, ही त्या काळची दृष्टी होती. १८९८ चा महारोग्यांविषयीचा कायदाही त्याच दृष्टीचा होता. त्या वेळी रोगावर औषध नव्हते, म्हणून भयास काही निमित्त तरी होते. पण १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धती सांगितली. सहा महिने ते एक वर्ष इतक्या उपचाराने रोग बरा होतो. औषध विनामूल्य मिळते. आणि उपचार सुरू होताच अल्पावधीत रोग्यापासून संसर्गाचे भय राहत नाही.

एवढे झाले, तरी १८९८ चा तो कायदा रद्द होण्यास २०१६ साल उजाडले. हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून २०१९ पर्यंत टिकून होते. आणि हेही सांगितले पाहिजे की, ख्रिस्ती लोकांच्या घटस्फोटाच्या कायद्यातूनही ते त्याच वर्षी गेले. ज्यांच्या प्रभूने महारोग्यास शिवून घेतले, त्यांसही ती खूण वाचावयास इतका विलंब लागला. औषध आधी आले. स्पर्श मागाहून, रखडत आला.

दुसरी कथा तर आमच्या माजघरातीलच वाटावी अशी आहे. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली, वैद्यांपायी सर्वस्व वेचून बसलेली एक स्त्री गर्दीत मागून येऊन येशूच्या वस्त्रास हात लावते. तिच्या धर्मशास्त्राप्रमाणे तिचा स्पर्श विटाळाचा. म्हणूनच ती चोरून शिवते. ती बरी होते, पण येशू तेवढ्यावर पुढे जात नाही. एका प्रतिष्ठिताची मुलगी मरणाच्या दारी असल्यामुळे तो तिकडे निघालेला असतो. तरी तो थांबतो, कोण शिवले म्हणून विचारतो, आणि ती थरथरत पुढे येताच तिला 'मुली' म्हणून हाक मारतो. चोरून मिळविलेले आरोग्य त्याने तिला उजळ माथ्याने दिले. ज्या घरांत आजही चार दिवस 'बाजूला' बसण्याची शिस्त आहे, त्या घरांतील वडीलधाऱ्यांनी या एका हाकेचा विचार करावा.

तिसरी खूण योहानाच्या नवव्या अध्यायात आहे. जन्मांध मनुष्यास पाहून शिष्य विचारतात की, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? आमच्याकडे हाच प्रश्न 'पूर्वजन्मीचे भोग' या शब्दांत विचारला जातो. येशू दोन्ही पर्याय नाकारतो आणि त्या मनुष्याच्या डोळ्यांस हात लावतो. दुःखाचा हिशेब मागण्यापेक्षा दुःखिताजवळ जाणे त्याने पसंत केले. हे शिकण्यासाठी धर्म बदलावयास नको. पैठणच्या तापल्या वाळवंटात रडणारे अस्पृश्याचे मूल एकनाथ महाराजांनी कडेवर उचलून घेतले, ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मात्र ती ऐकणारी कित्येक घरे सोवळ्यातच राहिली, हे आम्हांस कबूल केले पाहिजे.

रोग बरा करणे हे वैद्याचे काम, आणि त्याच्याकडे जाण्यास विलंब करू नये. परंतु क्षयाच्या रोग्याचा उपचार पुरा झाल्यावरही त्याचा पेला निराळा ठेवणे, मनाचा आजार झालेल्या मुलीस पाहुण्यांपासून लपविणे, कोड आणि कुष्ठ यांतील भेदही न विचारता स्थळ मोडणे, ही दुखणी कोणत्याही गोळीने जाणारी नव्हेत. ती घरातल्या माणसांनीच बरी करावयाची आहेत. माहीमला मेणाचा हात वाहणाऱ्याने तो अवश्य वाहावा. आणि परतल्यावर आपला जिवंत हात घरातील आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा.