मनगट दुखतंय म्हणून बारीक स्टिक?

मागच्या एपिसोडनंतर एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. तीन महिन्यांपासून ड्रम्स शिकतोय, अर्धा तास वाजवलं की उजवं मनगट दुखायला लागतं. म्हणून ५ए सोडून हलकी ७ए घेऊ का? नाही जमलं तर क्लासच सोडावा म्हणतोय. थांब रे, इतक्यात सोडू नकोस.

आधी नंबरचं बघू. आकडा वाढला की स्टिक साधारण बारीक होते. ७ए बारीक, ५ए मध्यम, २बी चांगलीच जाड. अक्षरं जुन्या अमेरिकेतली: ए ऑर्केस्ट्राचा, बी बँडचा, एस रस्त्यावरच्या मार्चिंगचा. आज ५ए वर जॅझही वाजतं आणि रॉकही. हे नंबर सगळ्या कंपन्यांना बांधून ठेवणारं स्टँडर्ड नाही. दोन टीमनी वेगवेगळ्या बिल्डला एकच व्हर्जन नंबर द्यावा, तसा प्रकार. विक फर्थची ५ए ०.५६५ इंच जाड आहे, ७ए ०.५४० इंच. म्हणजे फरक एक मिलिमीटरसुद्धा नाही, पण बोटांना तो लगेच कळतो.

आणि घोळ इथेच होतो. स्टिक हाताच्या मानाने फार बारीक असली की ती निसटू नये म्हणून बोटं नकळत आवळली जातात. वजन कमी झालं, पण मूठ घट्ट झाली, मग दुखणं जाणार कसं? आपल्याकडे बरेच जण ढोल पथकातून ड्रम्सकडे येतात. टिपरू घट्ट धरून जोरात हाणायची सवय हातात बसलेली असते. ड्रमवर स्टिक आपोआप उसळते, तिला उसळू द्यायचं असतं. दाबून धरली की तो धक्का मनगटात जातो. ताशावाल्यांना हे पटकन जमतं.

करून बघा. जाड टोकापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर अंगठा आणि तर्जनीत स्टिक धरा, प्रॅक्टिस पॅडवर एकदाच टाका आणि उसळ्या मोजा. दोन-तीनमध्येच मेली तर पकड सैल करा, जागा थोडी मागेपुढे करा. डिबगिंगचा नियम इथेही लागू: एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी पकड, मग स्टिक. पकड सुधारूनही दुखत राहिलं तर सर किंवा फिजिओ, यूट्यूब नाही.

तरीही हलकी हवीच असेल तर जाडी तीच ठेवा, लाकूड बदला. नेहमीच्या स्टिक हिकरीच्या असतात, हिकरी धक्का बऱ्यापैकी पचवते. मेपल हलकं. मेपलची ५ए हातात भरते, पण वजनाला कमी. माझं मत विचाराल तर या मित्राने ७ए आधी ही बघावी. ओक जड, सध्या नकोच.

टिप लाकडाची की नायलॉनची? नायलॉनवर सिंबल जास्त चमकदार वाजतो. जो कॅलाटो यांनी ती १९५८ मध्ये आणली, कारण लाकडी टिपा झिजायच्या. इलेक्ट्रॉनिक किटवर मेश हेड असेल तर कुसळं निघालेली लाकडी टिप अजिबात वापरू नका.

शक्यतो दुकानात जाऊन घ्या. काचेच्या काउंटरवर दोन्ही स्टिक लोळवा, डुगडुगली ती वाकडी. मग दोन्ही एकाच जागी हलकेच वाजवा. सूर वेगळा लागला तर दुसरी जोडी मागा, दुकानदार वैतागला तरी.