एक भुताची कादंबरी, एक गाव आणि वाचकांची भांडणे

भुताखेतांची कादंबरी हा व्याख्यानमालेचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका काही श्रोत्यांच्या मनात येणे साहजिक आहे. तिला आमचे उत्तर साधे आहे. ज्या पुस्तकावरून माणसे हिरीरीने भांडतात, त्यात भांडण्याजोगे काहीतरी असलेच पाहिजे. आमचे सारे आयुष्य कामगारांच्या सभांत गेले, आणि तेथे आम्ही एक गोष्ट शिकलो. सभेत दोन तट पडले की कोण बरोबर हे विचारण्याआधी दोघे एकाच प्रश्नाविषयी बोलत आहेत की नाही, हे पाहावे. पुष्कळदा असे आढळते की एक पगाराविषयी बोलतो आहे आणि दुसरा मानाविषयी. पुस्तकाच्या वाचकांतही हाच प्रकार होतो.

आम्ही आज ज्या पुस्तकाविषयी बोलणार आहोत ते म्हणजे अमेरिकन कादंबरीकार स्टीफन किंग यांचे ‘सेलम्स लॉट’. हे १९७५ साली प्रसिद्ध झाले. त्याआधी, १९७४ साली, त्यांची ‘कॅरी’ ही पहिली कादंबरी आली होती. किंग हे काही सुखवस्तू घरचे लेखक नव्हेत. शाळेत असताना त्यांनी कापडगिरणीत काम केले, पदवी घेतल्यावर कपडे धुण्याच्या कारखान्यात केले, आणि पुढे मेन राज्यातील हॅम्पडेन येथील शाळेत इंग्रजी शिकवू लागले. तेथे ब्रॅम स्टोकर यांची १८९७ सालची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी ते मुलांना शिकवीत असत. घरी जेवताना एकदा गप्पांत प्रश्न निघाला की तो ड्रॅक्युला आजच्या अमेरिकेत आला तर काय होईल? न्यूयॉर्कात आला तर टॅक्सीखाली सापडून मरेल, असा विनोद झाला. पण मेनमधल्या एखाद्या आडगावी आला तर? या ‘तर’मधून कादंबरी जन्माला आली.

कथा थोडक्यात सांगतो. जेरुसलेम्स लॉट नावाचे तेराशेच्या आसपास वस्तीचे एक काल्पनिक गाव आहे. गावच्या टेकडीवर मार्स्टन हाऊस ही एक बदनाम, ओसाड हवेली. बेन मिअर्स हा लेखक लहानपणी काही काळ याच गावात राहिलेला. तो पुस्तक लिहिण्यासाठी परत येतो. त्याच सुमारास स्ट्रेकर नावाचा एक परका गृहस्थ ती हवेली विकत घेतो आणि जुन्या सामानसुमानाचे दुकान थाटतो. त्याचा भागीदार बार्लो मात्र कोणाला दिसत नाही. मग एक लहान मुलगा नाहीसा होतो, त्याचा भाऊ मरतो, आणि मेलेला भाऊ रात्री खिडकीशी येऊन आत घ्या म्हणू लागतो. पाहता पाहता सारे गाव दिवसा झोपते आणि रात्री जागे होते. बेन, एक वृद्ध शिक्षक, एक डॉक्टर, एक पाद्री, सुसान नावाची तरुणी आणि मार्क हा शाळकरी मुलगा एवढेच काय ते सामना करतात.

आता वाचकांची भांडणे पाहू. पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार अशी की पुस्तक फार संथ आहे. पिशाच्च पुरते बाहेर येईपर्यंत पानेच्या पाने गावगाड्यातच जातात. पहाटे चार वाजता गाईंच्या धारा काढणारी पोरे, दूधवाला, शाळेची बस हाकणारा, कचऱ्याच्या उकिरड्यावरचा रखवालदार, खानावळ चालविणारी बाई असा एक अख्खा दिवस तासातासाने लेखक आपल्यापुढे मांडतो. घाईचा वाचक येथे पुस्तक मिटतो. दुसरा वाचक म्हणतो की हीच पाने सर्वांत उत्तम. आम्हांला वाटते, दोघेही खरे बोलतात. पण दोघांनी पुस्तकाचा नायक वेगवेगळा धरला आहे. पिशाच्चाला नायक मानले तर तो फार उशिरा येतो; गावाला नायक मानले तर तो पहिल्या पानापासून हजर आहे. आणि दूधवाला कोण हे ठाऊक नसेल, तर एके दिवशी दूध आले नाही याचे भय कोणाला वाटणार?

दुसरी तक्रार, हे सारे ‘ड्रॅक्युला’चे अनुकरण आहे. ही गोष्ट लेखकाने कधी लपविलेली नाही. जुन्या पुस्तकाच्या भिंतीवर चेंडू मारावा आणि तो कसा परत येतो ते पाहावे, अशा अर्थाचे त्यांनी १९८१ सालच्या आपल्या भयसाहित्यावरील ग्रंथात लिहिले आहे. पण फरक कोठे आहे तो पाहिला पाहिजे. स्टोकर यांच्या पुस्तकात तार, टंकलेखन, रक्त भरण्याची शस्त्रक्रिया ही सगळी नवी विद्या माणसांच्या बाजूने उभी राहते आणि शेवटी जिंकते. किंग यांच्या गावात टेलिफोन आहे, मोटारी आहेत, दवाखाना आहे, आणि त्यांतले काही उपयोगी पडत नाही. कारण ‘आमच्या गावात पिशाच्च आले आहे’ असे टेलिफोनवर सांगणार कोणाला? सांगितले तर विश्वास ठेवणार कोण? साधने वाढली आणि एकमेकांवरचा विश्वास आटला, हे दुःख जुन्या पुस्तकात नाही.

तिसरा वाद बार्लोविषयी आहे. काहींना तो फार बोलका, नाटकी वाटतो. काहींना त्याचे गोड बोलणेच भयंकर वाटते. १९७९ साली टोबी हूपर यांनी दूरचित्रवाणीसाठी या कादंबरीवर दोन भागांचे चित्र काढले, तेव्हा त्यांनी बार्लोला मुका, टकला आणि उंदरासारख्या दातांचा केला. १९२२ सालच्या ‘नोस्फेरातू’ या मूक चित्रपटातील पिशाच्चाची ती आठवण होती. तेव्हापासून ज्यांनी आधी चित्र पाहिले आणि ज्यांनी आधी पुस्तक वाचले, असे दोन तट पडले आहेत. आमचे मत पुस्तकाच्या बाजूचे आहे. सुळे दाखवीत येणाऱ्याला कोणीही ओळखतो. गावे बुडतात ती गोड बोलणाऱ्यांपायी.

चौथी तक्रार पाद्री कॅलहान यांच्यासंबंधी आहे. हा दारूच्या आहारी गेलेला धर्मगुरू खऱ्या पापाशी दोन हात करायची संधी मागत असतो. ती येते. बार्लो त्याला म्हणतो की हातातला क्रूस टाक आणि नुसत्या श्रद्धेच्या बळावर माझ्यासमोर उभा राहा. कॅलहानला क्रूस खाली ठेवण्याचा धीर होत नाही, आणि त्याच क्षणी क्रूसाचे तेज विझते. भाविक वाचकांना हा प्रसंग टोचतो. नास्तिकांना वाटते, लेखकाने देवाधर्माला फारच मान दिला. एकच प्रसंग दोघांना उलट्या कारणाने खटकतो. आम्हांला मात्र त्यात ओळखीचे काही दिसते. खिशात बिल्ला आहे, हातात झेंडा आहे, पण ज्यासाठी झेंडा धरला त्यावरचा भरवसा उडाला आहे, अशी माणसे आम्ही आमच्या चळवळीतही पाहिली आहेत. त्यांच्या हातातला झेंडा असाच विझतो. किंग यांनाही कॅलहानला असे सोडवेना असे दिसते. २००३ साली दुसऱ्या एका कादंबरीत त्यांनी त्याला परत आणला.

पाचवा आक्षेप आम्हांला सर्वांत गंभीर वाटतो, आणि त्यात तथ्यही आहे. आक्षेप असा की लेखकाने गावातील बहुतेक माणसे क्षुद्र, लबाड किंवा दुःखी रंगविली आहेत. कोणी तान्ह्या मुलाला मारते, कोणी व्यभिचार करतो, कोणी दारूत बुडाला आहे. लहान गाव म्हणजे काय नुसती घाण? यावर आम्ही आमची एक तक्रार जोडतो. सामना करणारे कोण, तर लेखक, शिक्षक, डॉक्टर, पाद्री. कबर खणणारा, तारा जोडणारा, दूधवाला, उकिरड्याचा रखवालदार यांच्या वाट्याला काय येते, तर बळी जाणे. हातांनी काम करणाऱ्यांपैकी लढायला कोणी का उभा राहू नये? या माणसांचा घाम लेखकाने बारकाईने पाहिला, पण त्यांच्या अंगचे धैर्य त्याने पाहिले नाही, असे आम्हांला स्पष्ट म्हणावेसे वाटते. सुसानच्या वाट्यालाही पुरेसा न्याय आलेला नाही, ही स्त्रीवाचकांची तक्रारही आम्हांला पटते.

तरीही पुस्तक आमच्या हातून सुटत नाही, याचे कारण सांगतो. या जातीच्या पिशाच्चाचा एक नियम आहे. घरातल्या माणसाने ‘ये’ म्हटल्याशिवाय त्याला उंबरठा ओलांडता येत नाही. आमच्याकडचा मुंजा पिंपळावर बसतो, समंध आपली जागा राखतो. त्यांची हद्द ठरलेली. हे पिशाच्च मात्र आमंत्रणाने येते आणि ज्याला चावते त्याला आपल्यासारखे करते. संघटकाच्या भाषेत बोलायचे तर ते घरोघर फिरून सभासद वाढविते! आता गावाने त्याला ‘ये’ म्हटले ते कोणाच्या तोंडून? लॅरी क्रॉकेट नावाच्या जमिनीच्या दलालाच्या. स्ट्रेकरने हवेली आणि कपडे धुण्याचे एक बंद दुकान अवघ्या एका डॉलरला मागितले. त्याच्या मोबदल्यात शहरात बाजारपेठ उभी राहील अशा लाखमोलाच्या जमिनीचे कागद पुढे केले. आणि अट घातली की कोठे वाच्यता करायची नाही. क्रॉकेटने सही केली. सुळे, शवपेट्या, लाकडी खुंट हे सारे नंतरचे. गावाचे मरण त्या दिवशी दलालाच्या कचेरीत, भर दुपारच्या उजेडात ठरले.

पुढे काय होते? प्रत्येक घर आपापला पडदा ओढून घेते. शेजारी दिसेनासा झाला तर कोणी चौकशी करीत नाही. गेला असेल कोठे. न्यू इंग्लंडच्या गावांत सर्व नागरिकांनी एकत्र जमून कारभार ठरविण्याची जुनी प्रथा आहे. पण या संकटात गावाची सभा भरविण्याचे कोणाला सुचत नाही. गावचा पोलीस अंमलदार पार्किन्स गिलेस्पी याला सारे उमजते, आणि तो सामान मोटारीत भरून निघून जातो. हे गाव आधीच मेलेले होते, असा त्याचा सूर आहे. ज्या काळात हे लिहिले गेले तो काळही ध्यानात घ्यावा. १९७३ साली अमेरिकेत वॉटरगेट प्रकरणाची सुनावणी घरोघर दूरचित्रवाणीवर दिसत होती, आणि ऑगस्ट १९७४ मध्ये अध्यक्ष निक्सन यांना पायउतार व्हावे लागले. झाकलेल्या गोष्टींचे भय त्या वेळच्या हवेतच होते, आणि त्याचा आपल्या लिखाणावर परिणाम झाल्याचे किंग यांनी स्वतः सांगितले आहे. लहान गावे मरत चालली आहेत, ही त्यांची खंतही या पुस्तकाशी जोडलेली आहे. मेनमधील कापडाच्या गिरण्या आणि जोड्यांचे कारखाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकामागून एक बंद पडत गेले, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ती खंत पोकळ वाटणार नाही.

मराठी वाचकाला ही कथा अगदी परकी नाही. नारायण धारप (१९२५–२००८) यांची ‘लुचाई’ याच कादंबरीवर बेतलेली आहे, आणि पुष्कळांनी मूळ पुस्तकाचे नाव ऐकण्यापूर्वी ती रात्री दार लावून वाचली आहे. आमच्या परिचयातील कामगार वाचकांत तिच्यावरूनही असेच वाद रंगतात. कोणी म्हणतो, भय वाटले नाही. कोणी म्हणतो, आठ दिवस खिडकी उघडली नाही. अशा वेळी आम्ही एकच प्रश्न विचारतो: ‘तुम्ही नेमके कोठे घाबरलात?’ जो सुळ्यांना घाबरला त्याला पुस्तक आज जुने वाटेल, कारण सुळे त्याने नंतर शंभर वेळा पाहिले. जो शेजारच्या बंद दाराला घाबरला, त्याचे भय जुने होत नाही.

म्हणून मतभेद मिटविण्याची आम्हांला घाई नाही. जेरुसलेम्स लॉटमध्ये कोणाचा कोणाशी उघड वादच होत नव्हता. सारे कुजबुजत होते, आणि ते गाव गेले. ज्या गावात लोक एका पुस्तकावरून का होईना, संध्याकाळी एकत्र बसून मोठ्याने भांडतात, त्या गावात कोणाच्या घरचा दिवा लागला नाही तर दुसऱ्या दिवशी विचारपूस होते. आपल्या शेजारचा दिवा लागला आहे की नाही, एवढे आज घरी जाताना प्रत्येकाने पाहावे.