गव्हाच्या शेतात तैलरंगाचे धडे

दुसऱ्याचे चित्र समोर ठेवून रंगवणे म्हणजे निव्वळ नक्कल, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. उत्तर-दृक्प्रत्ययवादी चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग याला तो मानवला नसता. फ्रान्समधील सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात १८८९-९० मध्ये त्याने मिलेच्या शेतकरी-चित्रांच्या कृष्णधवल प्रतींवरून सुमारे वीस तैलचित्रे केली. रचना मिलेची, रंग मात्र सर्वस्वी स्वतःचे!

तैलरंगाची नव्याने ओळख करून घेणाऱ्याने त्याचेच ‘सायप्रससह गव्हाचे शेत’ हे १८८९ चे चित्र निवडावे. तेही त्याने एकदाच रंगवलेले नाही. उघड्यावर केलेले पहिले न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, तर खोलीत बसून केलेले दुसरे लंडनच्या नॅशनल गॅलरीत. आई व बहिणीसाठी त्याने आणखी एक लहान प्रतही केली. पहिले चित्र साधारण ७३ बाय ९३ सेंटिमीटरचे असल्याने १६ बाय २० इंची कॅनव्हासवर रचना जवळपास जशीच्या तशी बसते.

टर्पेंटाइनने पातळ केलेल्या निळ्या रंगात टेकड्या, शेत व झाडे मांडून घ्यावीत. खिडक्या मात्र उघड्या असाव्यात. वरचे थर क्रमाने जाड आणि अधिक तेलाचे. कारण तैलरंग जलरंगासारखा पाणी उडून वाळत नाही; जवसाचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते. तेलकट थरावर कमी तेलाचा रंग चढवला, तर वरचा आधी वाळतो आणि पुढे भेगा पडतात.

खरी परीक्षा उजवीकडच्या सायप्रसची. उन्हाने भरलेल्या दृश्यातला हा गडद डाग नेमका पकडणे फार कठीण, असे व्हॅन गॉगने भाऊ थिओला कळवले होते. ट्यूबमधला काळा इथे निर्जीव दिसतो. गडद निळा, हिरवा आणि किंचित तांबडा मिसळून पाहावा. ब्रशचा फटकारा ज्योतीसारखा वर जाणारा, गव्हात वाऱ्याने कललेला, ढगांत वळणारा. फटकाऱ्यांच्या दिशा चुकल्या, तर रंग अचूक असूनही चित्र थिजते.

संगणकाच्या पडद्यावरील रंगछटेवर फार विसंबू नये. व्हॅन गॉगने वापरलेला क्रोम पिवळा प्रकाशाने तपकिरी होतो, त्याचे काही तांबडे रंग फिके पडले आहेत. १८९० मधील त्याची गुलाबी गुलाबफुले आज जवळजवळ पांढरी दिसतात. गव्हाचा पिवळा आपल्या कॅनव्हासवर थोडा भडक झाला, तर लगेच खरवडू नये.