गंभीर अपघात : मृत्यूची कारणे व काळ

गंभीर दुखापतीनंतर मृत्यू केव्हा व कशामुळे ओढवतो, हे रुग्णांच्या नातेवाइकांस व देणगीदारांस ठाऊक असावे असे आम्हांस वाटते. डॉ. डोनाल्ड ट्रंकी यांनी १९८३ साली सॅन फ्रान्सिस्को येथील आकडेवारीवरून अशा मृत्यूंचे तीन कालखंड मांडले. सुमारे ५० टक्के मृत्यू मेंदू, हृदय किंवा महारोहिणीस झालेल्या इजेने काही मिनिटांतच होतात. तेथे उपचारांस अवधीच नसतो. हेल्मेट व सीट बेल्ट हाच उपाय. सुमारे ३० टक्के मृत्यू पुढील काही तासांत, मुख्यतः रक्तस्रावाने अथवा कवटीत रक्त साकळल्याने होतात. उर्वरित मृत्यू दिवसांनी वा आठवड्यांनी, जंतुसंसर्ग व अनेक अवयव निकामी झाल्याने होतात. सावरत असलेला रुग्णही कधी दगावतो, तो यामुळे.

दुसऱ्या कालखंडात वेळेचे मोल सर्वाधिक. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, २०,००० हून अधिक रुग्णांवरील ‘क्रॅश-२’ चाचणीत ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड या स्वस्त औषधाने मृत्यू घटल्याचे आढळले; मात्र ते तीन तासांच्या आत द्यावे लागते. जखमीस तातडीने रुग्णालयात पोहोचविणारा नागरिक, रक्तदाता आणि सुसज्ज शस्त्रक्रियागृहास हातभार लावणारा देणगीदार हे तिघेही याच मोजक्या तासांत प्राण वाचवितात.