क्रेडिट कार्डाची ओळखचोरी आणि नुकसानीचा भार

समजा, नागपूरच्या इतवारीतील एखाद्या कापडव्यापाऱ्याच्या क्रेडिट कार्डाचा क्रमांक परक्याच्या हाती गेला आणि त्याच्या आधारे कोठे तरी दूरदेशी चाळीस हजार रुपयांची खरेदी झाली. चोर सापडत नाही, हे बहुधा गृहीतच धरावे लागते. मग उरतात तिघे : कार्डधारक, बँक आणि माल विकणारा दुकानदार. तिघेही निर्दोष असू शकतात. तथापि ती तूट कोणाच्या तरी खात्यावर पडणारच. दुकानदाराचा वाटा मुख्यतः कार्डव्यवस्थेतील आपसांतल्या करारांनी ठरतो. तो येथे बाजूला ठेवू.

हानी टाळणे ज्यास सर्वांत कमी खर्चात शक्य असते त्याने ती सोसावी, हा विचार ग्विडो कॅलाब्रेझी यांनी १९७० साली अपघातांच्या कायद्याविषयी लिहिताना मांडला. योगायोग असा की, त्याच वर्षी अमेरिकेने अनधिकृत वापराबद्दल कार्डधारकाचे दायित्व कायद्याने ५० डॉलरांपुरते मर्यादित केले. संशयास्पद व्यवहार हेरणारी यंत्रणा बँकच उभारू शकते, कापडव्यापारी नव्हे. शिवाय बँकेवर पडलेला भार अनेकांत विभागला जातो. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून बनावट कार्डे व अन्य मार्गांनी सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले, तेव्हा खातेदारांच्या ठेवींस धक्का लागला नसल्याचे बँकेने जाहीर केले. परंतु सहकारी बँकेचे मालक तिचे सभासदच असतात, हे विसरता येत नाही.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने याविषयी नियम घालून दिले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते सहकारी बँकांनाही लावले. दोष बँकेचा असेल, तर ग्राहकाचे दायित्व शून्य. दोष दोघांचाही नसून व्यवस्थेत अन्यत्र असेल आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत ग्राहकाने कळविले, तरीही शून्य. चार ते सात दिवस लागल्यास पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डावर जास्तीत जास्त १०,००० रुपये, त्यावरील कार्डावर २५,००० रुपये. सात दिवसांनंतरचा निर्णय बँकेच्या संचालक मंडळाच्या धोरणावर सोपविण्यात आला. आमच्या मते यातील सर्वांत मोलाची तरतूद दिवसांची नसून पुराव्याची आहे : ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर ठेवण्यात आला.

मात्र एक अपवाद या सर्वांस पुरून उरतो. ग्राहकाने आपला गुप्त संकेत दुसऱ्यास दिला असेल, तर बँकेस कळवीपर्यंतचे संपूर्ण नुकसान त्याचेच. ऑगस्ट २००९ पासून इंटरनेटवरील कार्डव्यवहारांस अधिकचा पडताळा सक्तीचा झाला आणि पुढे भ्रमणध्वनीवर येणारा ओटीपी सर्वपरिचित झाला. सुरक्षितता वाढली खरी. पण ‘ओटीपी बरोबर होता, अर्थात चूक तुमची’ असे म्हणण्यास बँकांना जागाही मिळाली. संकेत बरोबर असणे आणि तो ग्राहकाने निष्काळजीपणे देणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरी सिद्ध करावयास केवळ पहिली पुरेशी मानली, तर पुराव्याचा भार गुपचूप पुन्हा ग्राहकाच्या माथी येतो.

दोष दोन्हीकडे असेल तर काय, याचे उत्तर पुण्याच्या एका प्रकरणात मिळते. फसव्या ईमेलला उत्तर दिल्यामुळे एका उद्योगाच्या खात्यातून सुमारे ८० लाख रुपये गेले. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील राज्याच्या न्यायनिर्णय अधिकाऱ्यांनी २०१३ मध्ये पंजाब नॅशनल बँकेस ४५ लाख देण्याचा आदेश दिला. ग्राहकाची चूक होती; परंतु पैसा ज्या खात्यांतून निसटला त्यांची तपासणी बँकेने नीट केली नव्हती. अशी वाटणी २०१७ च्या परिपत्रकात दिसत नाही. तेथे निष्काळजीपणा एकदा ठरला की सर्व भार एकाच बाजूस झुकतो. पुढे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच परिपत्रकाच्या आधारे एका कंपनीचे सुमारे ७७ लाख रुपये परत करण्यास बँक ऑफ बडोदास फर्माविले. ते प्रकरण कार्डाचे नसून खात्याचे होते, तरी नियम तोच. नागपूर खंडपीठापुढे असा वाद आल्यास त्या निर्णयाचा आधार घेता येईल.